अकेडियन आणि केजन सांस्कृतिक वारसा

अकेडियन आणि केजन सांस्कृतिक वारसा या संज्ञेत उत्तर अमेरिकेच्या ईशान्य किनाऱ्यावर सतराव्या शतकात वसलेल्या फ्रेंच भाषक अकेडियन समाजाची, तसेच त्याच समाजातून अमेरिकेच्या लुईझियाना राज्यात घडलेल्या केजन समाजाची भाषा, संगीत, मौखिक परंपरा, खाद्यसंस्कृती, सण आणि स्मृतिस्थळे यांचा समावेश होतो. १७५५ ते १७६३ या काळात ब्रिटिशांनी केलेली अकेडियनांची सामूहिक हद्दपारी ही दोन्ही समाजांच्या सामाईक स्मृतीचे केंद्र आहे. अकेडिया नावाचा देश अथवा प्रांत आज नकाशावर नाही. तरीही अकेडियनांना स्वतःचा ध्वज, राष्ट्रगीत आणि राष्ट्रीय दिन आहे.

या वारशाच्या जतनाचे दोन मार्ग दिसतात. कॅनडात शाळा, वृत्तपत्रे, चर्च आणि पुढे कायदा यांच्या आधाराने मुख्यतः भाषा टिकवली गेली. लुईझियानात शालेय शिक्षणातून फ्रेंच हद्दपार झाल्यानंतरही संगीत, नृत्य, पाककृती आणि सण टिकून राहिले; भाषेच्या पुनरुज्जीवनाचे संघटित प्रयत्न मात्र १९६८ नंतर सुरू झाले. भाषा क्षीण झाल्यावर उरलेली संस्कृती किती काळ तग धरू शकते, हा या विषयावरील चर्चेतील मध्यवर्ती प्रश्न आहे.

नाव

इटालियन दर्यावर्दी जोव्हानी दा वेराझ्झानो याने १५२४ मध्ये अटलांटिक किनाऱ्याच्या एका भागाला 'आर्केडिया' हे प्राचीन ग्रीक काव्यातील रम्य प्रदेशाचे नाव दिले. पुढील काळातील नकाशांत हे नाव उत्तरेकडे सरकत गेले व त्याचे 'अकादी' असे रूप झाले. मूळनिवासी मिकमॅक लोकांच्या भाषेत 'विपुलतेचे ठिकाण' अशा अर्थाचा सारख्या उच्चाराचा प्रत्यय आहे. त्याचाही या रूपावर परिणाम झाला असावा असे काही अभ्यासक मानतात. फ्रेंचमधील 'अकादियाँ' या शब्दाचे बोलीत 'कादियाँ' झाले आणि इंग्रजी भाषकांच्या तोंडी त्याचे 'केजन' झाले. हा शब्द दीर्घकाळ हेटाळणीने वापरला जात असे. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात तो अभिमानाने स्वीकारला गेला.

ऐतिहासिक पार्श्वभूमी

वसाहत

प्येर द्युग्वा द मों आणि साम्युएल द शांप्लेन यांच्या मोहिमेने १६०४ मध्ये सेंट क्रॉय बेटावर आणि १६०५ मध्ये आजच्या नोव्हा स्कॉशियातील पोर्त-रोयाल येथे वस्ती केली. १६३० च्या दशकापासून प्रामुख्याने पश्चिम फ्रान्समधून कुटुंबे येऊ लागली. १६७१ च्या जनगणनेत या वसाहतीची लोकसंख्या सुमारे चारशे होती. पुढील अकेडियन समाजाचा मोठा भाग याच थोड्या कुटुंबांचा वंशविस्तार असल्याने लब्लाँ, लांद्री, एबेर, तिबोदो, ब्रुसार अशी मोजकी आडनावे आज न्यू ब्रुन्सविकपासून लुईझियानापर्यंत आढळतात.

जगातील सर्वांत मोठी भरती-ओहोटी ज्या फंडीच्या उपसागरात होते, त्याच्या काठची खारजमीन अकेडियनांनी लागवडीखाली आणली. मातीचे बांध घालून त्यांत ठिकठिकाणी 'आब्वातो' नावाची लाकडी मोरी बसवली जाई. मोरीतील झडप ओहोटीच्या वेळी उघडून आतील पावसाचे पाणी समुद्रात सोडी आणि भरतीचे पाणी चढू लागताच त्याच्याच दाबाने बंद होई. दोन-तीन वर्षांच्या पावसाने जमिनीतील मीठ धुऊन गेल्यावर तेथे गहू व चारा भरपूर पिके. बांधांची बांधणी व दुरुस्ती एकेका कुटुंबाच्या आवाक्याबाहेरची असल्याने ती सामुदायिक श्रमातून होई. परस्परांवर अवलंबून असलेल्या गावगाड्याचे मूळ अनेक अभ्यासकांना या कामात दिसते.

हद्दपारी

१७१० मध्ये ब्रिटिशांनी पोर्त-रोयाल जिंकले आणि १७१३ च्या उत्रेख्त तहाने मुख्य भूमीवरील अकेडिया ब्रिटनकडे गेले. अकेडियनांनी आपण फ्रान्स व ब्रिटन यांच्या युद्धात तटस्थ राहू अशी भूमिका घेतली. १७३० मध्ये त्यांनी निष्ठेची शपथ घेतली, ती शस्त्र धरावे लागणार नाही या तोंडी आश्वासनावर. १७५५ मध्ये गव्हर्नर चार्ल्स लॉरेन्स याने बिनशर्त शपथेची मागणी केली. प्रतिनिधींनी ती नाकारल्यावर २८ जुलै १७५५ रोजी हॅलिफॅक्स येथील मंडळाने हद्दपारीचा निर्णय घेतला.

५ सप्टेंबर १७५५ रोजी ग्राँ-प्रे गावच्या चर्चमध्ये ४१८ पुरुष व मुलगे यांना बोलावून कर्नल जॉन विन्स्लो याने आदेश वाचून दाखवला. जमीन, घरे व गुरेढोरे जप्त झाली, गावे जाळण्यात आली आणि जहाजे भरभरून लोक मॅसॅच्युसेट्सपासून जॉर्जियापर्यंतच्या ब्रिटिश वसाहतींत पाठवले गेले. व्हर्जिनियाने आलेल्यांना स्वीकारण्यास नकार दिल्याने त्यांना इंग्लंडमध्ये नेऊन स्थानबद्ध करण्यात आले. १७५८ मध्ये आजच्या प्रिन्स एडवर्ड आयलंडवरील अकेडियनांची फ्रान्सकडे रवानगी झाली. त्या प्रवासात 'ड्यूक विल्यम' आणि 'व्हायोलेट' ही जहाजे बुडून शेकडो लोक मरण पावले. १७६३ पर्यंत अंदाजे १४,००० पैकी ११,००० हून अधिक अकेडियन हद्दपार झाले. रोगराई, उपासमार व जहाजफुटी यांत हजारोंचा मृत्यू झाला. फ्रेंचमध्ये या घटनेस 'ग्राँ देरांजमाँ' म्हणजे 'मोठी उलथापालथ' असे म्हणतात.

पुनर्वसन

१७६४ मध्ये ब्रिटिशांनी अकेडियनांना परत येण्याची मुभा दिली. मात्र निष्ठेची शपथ घेऊन लहान, विखुरलेल्या गटांत राहण्याची अट घातली. त्यांच्या जुन्या सुपीक जमिनी तोपर्यंत न्यू इंग्लंडमधून आणलेल्या शेतकऱ्यांना देण्यात आल्या होत्या. १७५९ च्या वादळात फुटलेले बांध दुरुस्त करण्याचे ज्ञान या नव्या शेतकऱ्यांकडे नसल्याने बंदिवान अकेडियनांकडूनच ते काम करून घेण्यात आले. परतलेल्या कुटुंबांना सेंट मेरीचा उपसागर, शेतिकां, न्यू ब्रुन्सविकचा ईशान्य किनारा अशा कमी सुपीक भागांत वसावे लागले आणि शेतकऱ्यांचा समाज बहुतांशी मच्छीमारांचा झाला.

लुईझियाना त्या वेळी स्पेनकडे होते. तेथे पहिली अकेडियन कुटुंबे १७६४ मध्ये पोहोचली. १७६५ मध्ये 'बोसोलेय' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या जोझेफ ब्रुसार याच्या नेतृत्वाखाली सुमारे दोनशे जण हॅलिफॅक्सहून येऊन आताकापा भागात स्थिरावले. १७८५ मध्ये फ्रान्समध्ये खितपत पडलेले सुमारे १,६०० अकेडियन स्पेनच्या खर्चाने सात जहाजांतून आले. तेथील फ्रेंच, स्पॅनिश, जर्मन, आफ्रिकी व मूळनिवासी लोकांशी झालेल्या मिश्रणातून केजन समाज आकारास आला.

नोंदवह्या व वंशावळी

कुटुंबांची ताटातूट हा हद्दपारीचा सर्वांत खोल घाव असल्याने वंशावळीस अकेडियन संस्कृतीत असाधारण महत्त्व आहे. ग्राँ-प्रे येथील सेंट चार्ल्स चर्चच्या जन्म, विवाह व मृत्यू यांच्या नोंदवह्यांपैकी काही हद्दपार झालेल्यांनी सोबत नेल्या. मेरीलँडमार्गे त्या लुईझियानातील सेंट गॅब्रिएल येथे पोहोचल्या व आज बॅटन रूजच्या धर्मप्रांताच्या अभिलेखागारात जतन केलेल्या आहेत. १७६५ मध्ये फ्रान्सच्या बेल-ईल बेटावर वसवलेल्या ७८ अकेडियन कुटुंबांनी १७६७ मध्ये शपथेवर आपापल्या पूर्वजांची माहिती सांगितली. गावे व अनेक नोंदी नष्ट झाल्यावर केवळ स्मरणाच्या आधारे दिलेल्या या जबान्या आज वंशावळीच्या अभ्यासाचे महत्त्वाचे साधन आहेत. मॉंक्टन विद्यापीठात १९६८ मध्ये स्थापन झालेल्या अकेडियन अध्ययन केंद्रातील संशोधक स्टीफन व्हाइट यांनी १९९९ मध्ये अकेडियन कुटुंबांचा वंशावळी-कोश प्रसिद्ध केला.

इव्हँजेलिन

अमेरिकन कवी हेन्री वॉड्सवर्थ लाँगफेलो याचे 'इव्हँजेलिन' हे दीर्घकाव्य १८४७ मध्ये प्रसिद्ध झाले. हद्दपारीत ताटातूट झालेल्या गॅब्रिएलचा आयुष्यभर शोध घेणाऱ्या काल्पनिक नायिकेच्या या कथेने अकेडियनांची हकीकत जगभर पोहोचवली. कवी स्वतः अकेडियन नव्हता आणि त्याने नोव्हा स्कॉशिया पाहिलेही नव्हते. तरीही पांफील लमे याच्या १८६५ मधील फ्रेंच अनुवादानंतर अकेडियनांनी ही कथा आपलीशी केली. १८८७ मध्ये सुरू झालेल्या त्यांच्या एका प्रमुख वृत्तपत्राचे नावही 'लेव्हांजेलीन' असे होते; ते १९८२ पर्यंत चालले.

लुईझियानात फेलिक्स व्होऱ्हीस याने १९०७ मध्ये लिहिलेल्या पुस्तकात इव्हँजेलिनची 'खरी' कथा सांगण्याचा दावा केला. सेंट मार्टिनव्हिल येथील पुतळा १९३१ मध्ये बसवण्यात आला. त्याचा चेहरा या कथेवरील १९२९ च्या चित्रपटातील अभिनेत्री दोलोरेस देल रिओ हिच्यावरून घडवलेला आहे. इतिहासकार कार्ल ब्रासो यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात या 'खऱ्या' कथेस ऐतिहासिक आधार नसल्याचे दाखवले.

कॅनडातील पुनरुत्थान

संस्था व राष्ट्रीय चिन्हे

हद्दपारीनंतरची सुमारे शंभर वर्षे अकेडियन समाज विखुरलेला, दरिद्री व बहुतांशी निरक्षर होता. १८६४ मध्ये कामीय लफेव्र या धर्मगुरूने न्यू ब्रुन्सविकमधील मेमरामकूक येथे सेंट जोसेफ महाविद्यालय स्थापन केले आणि १८६७ मध्ये शेडियाक येथे 'ल मोनितर अकादियाँ' हे वृत्तपत्र सुरू झाले. यांतून शिक्षक, वकील व संपादक यांची पहिली पिढी तयार झाली. १८७१ च्या शालेय कायद्याने धार्मिक शिक्षण देणाऱ्या शाळांचा सरकारी आधार काढून घेतल्यावर उसळलेल्या असंतोषात १८७५ मध्ये काराके येथे दंगल होऊन लुई मायू हा अकेडियन तरुण आणि एक स्वयंसेवक सैनिक असे दोघे मारले गेले.

पहिले राष्ट्रीय अकेडियन संमेलन १८८१ मध्ये मेमरामकूक येथे भरले. त्यात क्वेबेकच्या फ्रेंच भाषकांचा २४ जून हा सण स्वीकारावा की स्वतंत्र दिवस निवडावा, यावर वाद झाला. अखेर मेरीच्या स्वर्गारोहणाचा १५ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय दिन ठरला. आपण क्वेबेकची शाखा नसून स्वतंत्र लोक आहोत, हे त्यातून व्यक्त झाले. १८८४ च्या मिस्कूश येथील दुसऱ्या संमेलनात मार्सेल-फ्रांस्वा रिशार या धर्मगुरूने सुचवलेला ध्वज स्वीकारला गेला. त्यात फ्रान्सच्या तिरंग्यातील निळ्या पट्ट्यावर 'समुद्राचा तारा' म्हणजेच मेरीचे प्रतीक असलेला पिवळा तारा आहे. 'आवे मारिस स्तेला' हे लॅटिन स्तोत्र राष्ट्रगीत झाले. १८८४ मधील मूळ ध्वज मॉंक्टन विद्यापीठाच्या अकेडियन संग्रहालयात आहे.

भाषिक हक्क

१९६० मध्ये लुई रोबिशो हे न्यू ब्रुन्सविकचे निवडून आलेले पहिले अकेडियन पंतप्रधान झाले. त्यांच्या कारकिर्दीत १९६३ मध्ये मॉंक्टन येथे फ्रेंच माध्यमाचे विद्यापीठ स्थापन झाले आणि १९६९ मध्ये प्रांताने इंग्रजी व फ्रेंच या दोन्ही भाषांना अधिकृत दर्जा दिला. १९८१ च्या कायद्याने व्यक्तींच्या हक्कांपुढे जाऊन दोन भाषिक समाजांची समानता मान्य केली; १९९३ मध्ये हे तत्त्व कॅनडाच्या संविधानात समाविष्ट झाले. त्यामुळे आपल्या भाषेच्या शाळा व सांस्कृतिक संस्था स्वतः चालवण्याचा हक्क या समाजास मिळाला. नोव्हा स्कॉशियात १९९६ मध्ये फ्रेंच शाळांसाठी स्वतंत्र शालेय मंडळ स्थापन झाले.

साहित्य व बोली

बुक्तूश येथील लेखिका आंतोनीन माये यांनी आपल्या प्रबंधात फ्रेंच साहित्यिक राबले याच्या सोळाव्या शतकातील भाषेचे अवशेष अकेडियन बोलीत कसे टिकले, हे दाखवले. 'ला सागुईन' या १९७१ मधील नाट्यस्वगतांत त्यांनी फरशी पुसणाऱ्या वृद्धेच्या तोंडी हीच बोली घातली. घरी बोलायची पण कागदावर लाजायची, अशी मानली गेलेली भाषा त्यामुळे रंगभूमीवर आली. हद्दपारीनंतर बैलगाडीतून मायदेशी परतणाऱ्या स्त्रीवरील 'पेलाजी-ला-शारेत' या कादंबरीस १९७९ मध्ये गोंकूर हा फ्रान्सचा अग्रगण्य साहित्य पुरस्कार मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्या कॅनेडियन लेखिका होत. मॉंक्टन परिसरात इंग्रजी शब्द मोठ्या प्रमाणात मिसळलेली 'चिआक' ही बोली रूढ आहे. ती ऱ्हासाचे लक्षण मानावी की जिवंतपणाचे, याविषयी अकेडियनांमध्येच मतभेद आहेत. गीते, कादंबऱ्या व चित्रकथा यांतून मात्र तिचा वापर वाढला आहे.

लुईझियाना

शाळेतील फ्रेंचबंदी

लुईझियानाच्या १९२१ च्या संविधानाने शाळांत केवळ इंग्रजीतून शिक्षण देणे बंधनकारक केले. शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणाऱ्या मुलांना छड्या मारणे, गुडघ्यांवर उभे करणे किंवा 'मी शाळेच्या आवारात फ्रेंच बोलणार नाही' हे वाक्य शेकडो वेळा लिहायला लावणे अशा शिक्षा दिल्या जात. अनेक मुलांना शाळेत येईपर्यंत इंग्रजीचा एक शब्दही ठाऊक नसे. या पिढीने मोठेपणी आपल्या मुलांशी जाणीवपूर्वक इंग्रजीतच बोलणे पसंत केले. तेल उद्योग, दुसऱ्या महायुद्धातील सैन्यसेवा आणि दूरचित्रवाणी यांनी हा बदल वेगाने पूर्ण केला. आजी-आजोबा व नातवंडे यांना एकमेकांची भाषा न समजणे ही अनेक घरांतील वस्तुस्थिती बनली.

कोडोफिल

१९६८ मध्ये राज्य विधिमंडळाने लुईझियानातील फ्रेंचच्या विकासासाठी 'कोडोफिल' ही संस्था स्थापन केली. माजी संसद सदस्य जेम्स डोमेंजो हे तिचे पहिले प्रमुख होते. १९७१ मध्ये २२ पॅरिश, म्हणजे जिल्हे, मिळून 'अकेडियाना' हा प्रदेश विधिमंडळाने मान्य केला. १९७४ च्या नव्या संविधानाने लोकांचा आपला भाषिक व सांस्कृतिक वारसा जपण्याचा हक्क नोंदवला. १९८० मध्ये एका खटल्यात संघीय न्यायालयाने केजन हे नोकरीतील भेदभावाविरुद्धच्या कायद्याचे संरक्षण मिळण्यास पात्र असल्याचा निर्णय दिला.

कोडोफिलने प्रारंभी फ्रान्स, बेल्जियम व क्वेबेक येथून शिक्षक आणून प्रमाण फ्रेंच शिकवली. त्यावर टीका झाली. कारण मुले शाळेत शिकून येत ती भाषा घरच्या वडीलधाऱ्यांच्या बोलीहून वेगळी असे, आणि पूर्वी इंग्रजीच्या नावाने कमी लेखली गेलेली बोली आता शुद्ध फ्रेंचच्या नावाने पुन्हा कमी लेखली जाई. १९७७ मध्ये जेम्स फॉक या शिक्षकाने केजन बोली इंग्रजी वळणाच्या लेखनपद्धतीत शिकवणारे पाठ्यपुस्तक काढले. ते डोमेंजो यांनी नाकारले. १९८० मध्ये मॉंत्रियाल येथून 'क्री स्युर ल बायू' हा लुईझियानातील फ्रेंच कवितांचा संग्रह प्रसिद्ध झाला. पुढे सर्व विषय फ्रेंचमधून शिकवणारे वर्ग सुरू झाले आणि स्थानिक बोलीस अभ्यासक्रमात स्थान मिळू लागले. २०१० मध्ये लुईझियानाच्या फ्रेंचचा बृहद् शब्दकोश प्रकाशित झाला.

संगीत

केजन संगीतात फिडल, डायटॉनिक ॲकॉर्डियन आणि लोखंडी त्रिकोण ही प्रमुख वाद्ये आहेत. घरोघरी भरणाऱ्या नृत्यसभांना 'फे दो-दो' म्हणजे 'झोपी जा' असे नाव आहे. नृत्य सुरू होण्यापूर्वी शेजारच्या खोलीत मुलांना निजवण्याच्या प्रथेवरून ते पडले असे सांगतात. जो फाल्कन व क्लेओमा ब्रो यांनी १९२८ मध्ये केजन संगीताची पहिली ध्वनिमुद्रिका काढली. कृष्णवर्णीय क्रिओल वादक आमेदे आर्दुआँ याच्या वादनाचा केजन संगीतावर खोल प्रभाव आहे. १९३४ मध्ये जॉन व ॲलन लोमॅक्स या पितापुत्रांनी दक्षिण लुईझियानातील गावांत फिरून ध्वनिमुद्रणे केली. साथवाद्यांविना गायली जाणारी जुनी फ्रेंच गीते त्यांत सुरक्षित राहिली.

१९६४ मध्ये फिडलवादक ड्यूई बाल्फा यांनी ऱ्होड आयलंडमधील न्यूपोर्ट लोकसंगीत महोत्सवात सहभाग घेतला. घरच्या भागात जुनाट ठरवलेल्या या संगीताला तेथील हजारो श्रोत्यांनी उत्स्फूर्त दाद दिली. परतल्यावर बाल्फा यांनी शाळाशाळांतून वादन करून मुलांना या परंपरेची ओळख करून दिली. २६ मार्च १९७४ रोजी लाफायेट येथे कोडोफिलने संगीतसोहळा आयोजित केला. त्याच्या आखणीत लोकविद्या-अभ्यासक बॅरी ॲन्सेले यांचा प्रमुख वाटा होता. वाद्ये वाजत असताना नाचण्याची सवय असलेल्या प्रेक्षकांनी त्या दिवशी प्रथमच आसनांवर बसून आपले संगीत ऐकले. या सोहळ्यातूनच आजचा 'फेस्टिव्हल्स अकादियाँ ए क्रिओल' हा वार्षिक महोत्सव विकसित झाला.

सण व खाद्यसंस्कृती

लेंट या उपवासकाळाच्या आदल्या मंगळवारी ग्रामीण भागात 'कूरीर द मार्दी ग्रा' होते. मुखवटे व चिंध्यांचे रंगीत पोशाख घातलेले लोक घोड्यांवरून घरोघर फिरून गातात, नाचतात आणि रात्रीच्या सामुदायिक गंबोसाठी जिन्नस मागतात. जिवंत कोंबडी उधळून दिली की ती पकडण्यासाठी धावपळ उडते. सर्वांवर 'कापितेन'चा शब्द चालतो. मामू गावात १९५० च्या दशकात ही मंदावलेली प्रथा पुन्हा सुरू करण्यात आली.

गंबो या दाट रश्श्याच्या पदार्थाचे नाव भेंडीच्या पश्चिम आफ्रिकी नावावरून आले आहे. त्यात घालावयाची सॅसाफ्रासच्या पानांची पूड ही चोक्टॉ या मूळनिवासी लोकांची देणगी आहे, तर पीठ तेलातुपात भाजून घेण्याची पद्धत फ्रेंच आहे. केजन संस्कृतीच्या मिश्र घडणीचे उदाहरण म्हणून हा पदार्थ नेहमी सांगितला जातो. कॅनडातील अकेडियन आहार यापेक्षा वेगळा आहे. कोंबडी व बटाट्याचे 'फ्रिको' आणि किसलेल्या बटाट्याच्या गोळ्यात डुकराचे मांस भरून उकडलेले 'पुतीन रापे' हे तेथील प्रमुख पारंपरिक पदार्थ होत.

मेन

१८४२ च्या वेब्स्टर-ॲशबर्टन तहाने सेंट जॉन नदी ही सीमा ठरल्यामुळे मादावास्का भागातील अकेडियन समाज कॅनडा व अमेरिका यांत विभागला गेला. मेन राज्याने १९१९ मध्ये शाळांत इंग्रजीची सक्ती केली. १९९० मध्ये अमेरिकन संसदेने मेनमधील अकेडियन संस्कृतीच्या जतनासाठी स्वतंत्र कायदा केला.

स्मरण व उत्सव

१५ ऑगस्टच्या उत्सवातील 'तँतामार' ही सर्वांत ठळक प्रथा आहे. लोक ध्वजाचे रंग अंगावर लेवून थाळ्या, पातेली, घंटा व शिंगे वाजवत रस्त्यांवरून मिरवणूक काढतात. 'आम्ही अजून येथे आहोत' हा त्या गोंगाटाचा अर्थ सांगितला जातो. हद्दपारीच्या द्विशताब्दीनिमित्त १९५५ मध्ये मॉंक्टन येथे असा घंटानाद व गजर झाला. १९७९ मध्ये काराके येथे ही कल्पना नव्याने उचलली गेली व तेथून सर्वत्र पसरली. काराके येथील तँतामार संध्याकाळी पाच वाजून पंचावन्न मिनिटांनी, म्हणजे चोवीस तासांच्या घड्याळातील १७:५५ वाजता सुरू होते. त्यात १७५५ या वर्षाचे स्मरण आहे.

विखुरलेल्या वंशजांना एकत्र आणणारे जागतिक अकेडियन संमेलन १९९४ पासून दर पाच वर्षांनी भरते. पहिले आग्नेय न्यू ब्रुन्सविकमध्ये, तर १९९९ मधील दुसरे लुईझियानात झाले. २०२४ चे संमेलन नोव्हा स्कॉशियातील क्लेअर व आर्गाइल येथे भरले. एकाच आडनावाच्या कुटुंबांचे मेळावे हे या संमेलनांचे मुख्य आकर्षण असते.

लुईझियानातील वकील वॉरन पेरिन यांनी १९९० मध्ये ब्रिटिश राजसत्तेकडे हद्दपारीची चूक मान्य करण्याची मागणी केली. या व कॅनडातील अकेडियन संघटनांच्या प्रयत्नांनंतर डिसेंबर २००३ मध्ये गव्हर्नर जनरल एड्रियन क्लार्कसन यांनी राणीच्या वतीने घोषणापत्र काढले. त्यात हद्दपारी व तिचे दुष्परिणाम यांची ऐतिहासिक वस्तुस्थिती म्हणून नोंद घेऊन २००५ पासून २८ जुलै हा स्मृतिदिन ठरवण्यात आला. घोषणापत्रात क्षमायाचना नाही, तसेच कोणतेही कायदेशीर दायित्व स्वीकारलेले नाही.

वारसास्थळे

ग्राँ-प्रे येथील जुन्या चर्चची जागा जॉन फ्रेडरिक हर्बिन या अकेडियन मातेच्या पुत्राने १९०७ मध्ये विकत घेतली. पुढे ती एका रेल्वे कंपनीकडे गेली. १९२० मध्ये इव्हँजेलिनचा पुतळा व १९२२ मध्ये स्मृतिचर्च उभे राहिले. २०१२ मध्ये युनेस्कोने सुमारे १,३०० हेक्टरच्या ग्राँ-प्रे भूदृश्याचा जागतिक वारसा यादीत समावेश केला. स्मृतिस्थळाबरोबरच बांधांच्या आतील, आजही कसली जाणारी शेतजमीन त्यात येते.

काराकेजवळील ऐतिहासिक अकेडियन गाव १९७७ मध्ये खुले झाले. तेथे मूळ घरे हलवून आणून त्यांत जुने व्यवसाय करून दाखवले जातात. बुक्तूश येथे 'ला सागुईन'मधील पात्रांवर आधारलेले गाव आहे. लुईझियानात लाफायेट येथील 'अकेडियन व्हिलेज' व 'व्हर्मिलियनव्हिल', तसेच सेंट मार्टिनव्हिल येथील अकेडियन स्मारक ही प्रमुख स्थळे होत.

मतभेद व टीका

या वारशाच्या मांडणीवर पुढील आक्षेप घेतले जातात:

• इव्हँजेलिनच्या प्रतिमेमुळे अकेडियन हे केवळ सोशिक व निष्पाप बळी म्हणून रंगवले गेले. बोसोलेयसारख्यांनी केलेला सशस्त्र प्रतिकार त्यामुळे झाकला गेला.
• ग्राँ-प्रेची भूमी मूळ मिकमॅक लोकांची आहे. अकेडियनांना आश्रय व साहाय्य देणाऱ्या या समाजाची स्वतःची हानी स्मरणसोहळ्यांत दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली.
• हद्दपार झालेल्यांचे काही वंशज लुईझियानात गुलाम बाळगणारे मळेवाले झाले. १८४३ ते १८४६ या काळात राज्याचे गव्हर्नर असलेले अलेक्झांडर मूटन हे त्यांपैकी एक होत.
• 'केजन' हे नाव पर्यटन व जाहिरातींतून इतके पसरले, की कृष्णवर्णीय क्रिओलांचे संगीत व पाककृतीतील योगदान त्याखाली दबले. लाफायेटच्या महोत्सवाच्या नावात 'क्रिओल' शब्दाचा समावेश याच जाणिवेतून झाला.

सद्यस्थिती व आव्हाने

न्यू ब्रुन्सविकच्या लोकसंख्येत फ्रेंच भाषकांचे प्रमाण सुमारे ३० टक्के असून ते हळूहळू घटत आहे. प्रिन्स एडवर्ड आयलंड व नोव्हा स्कॉशियात ते कितीतरी कमी आहे. लुईझियानात १९७० च्या जनगणनेत साडेपाच लाखांहून अधिक लोकांनी फ्रेंच ही मातृभाषा सांगितली होती, तर २००० च्या जनगणनेत घरी फ्रेंच बोलणाऱ्यांची संख्या सुमारे दोन लाख होती. दोन्ही वेळचे प्रश्न भिन्न असल्याने हे आकडे काटेकोरपणे तुलनीय नाहीत. घसरण मात्र स्पष्ट आहे. घरातून फ्रेंच शिकलेले बहुतेक केजन आज वृद्ध असून नवे भाषक मुख्यतः शाळांतून येतात. २०१८ मध्ये लुईझियाना फ्रेंच भाषक देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेत निरीक्षक म्हणून सामील झाले. २०२३ मध्ये टेरेबोन पॅरिशमधील प्वँत-ओ-श्यँ या मूळनिवासी व केजन वस्तीत फ्रेंच माध्यमाची शाळा सुरू झाली. त्यापूर्वी तेथील इंग्रजी शाळा बंद करण्यात आली होती.

दुसरे आव्हान भूमीचे आहे. नदीवरील बांधांमुळे गाळ मिळेनासा होणे, तेल कंपन्यांनी खोदलेले कालवे, जमीन खचणे आणि समुद्रपातळीतील वाढ यांमुळे १९३२ पासून लुईझियानाच्या किनाऱ्यावरील सुमारे ४,८०० चौरस किलोमीटर भूभाग पाण्याखाली गेला आहे. ज्या दलदलीच्या काठी फ्रेंच सर्वाधिक काळ टिकली, तेथीलच वस्त्या वारंवार येणाऱ्या वादळांमुळे स्थलांतर करत आहेत. २०२१ च्या आयडा वादळाने टेरेबोन व लाफूर्श भागांची मोठी हानी केली. स्थलांतरितांची मुले इंग्रजी भाषक शहरांत विखुरली, की भाषेचा उरलासुरला शेजारही नाहीसा होतो. उत्तरेत समुद्रपातळी वाढू लागल्याने फंडीच्या उपसागराकाठचे बांध उंच व भक्कम करण्याची गरज निर्माण झाली आहे. ग्राँ-प्रे येथील बांधांच्या आतील जमिनीची देखभाल आजही तेथील शेतकऱ्यांच्या सामुदायिक मंडळाकडे आहे.